दरवाजा बदनाम, मालक मोकळा

आठव्या हेन्री महाराजांना खुले पत्र

श्रीमंत राजमान्य राजश्री हेन्री ट्यूडर, आठवे, मुक्काम सेंट जॉर्ज चॅपल, विंडसर, यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, थेम्सच्या काठावर आपल्या टॉवर ऑफ लंडनला नदीच्या अंगाने जो दरवाजा आहे, त्याची गेली कित्येक शतके फार बदनामी चालली आहे. ट्रेटर्स गेट, म्हणजे गद्दारांचा दरवाजा, असे त्याचे नाव पडले. रोज जगभरातली माणसे तिथल्या कठड्याला टेकून खाली वाकतात. दगडी पायऱ्या, हिरवट पाणी, लाकडी जाळीची ती अजस्र दारे पाहतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘इथूनच आणायचे ना हो त्यांना?’ अंगावर काटा येतो, फोटो निघतात. आमच्याकडून सहलीला आलेली मंडळी कोहिनूरच्या रांगेतून सुटल्यावर इथेही हळहळून घेतात. मग सगळे दुकानात शिरतात आणि तिथे तुमची बाहुली विकत घेतात. गुबगुबीत गाल, टोपीत पीस. जोडीला सहा राण्या, नाताळच्या झाडाला टांगता येतील अशा.

महाराज, याला म्हणतात नशीब. भीती सगळी दगडाच्या वाट्याला आणि कौतुक तुमच्या. ज्याने काही केले नाही त्या कमानीला लोक शिव्या देतात आणि ज्याने केले त्याला कौतुकाने घरी नेऊन झाडावर लटकवतात. हा अन्याय मला बघवेना, म्हणून लेखणी उचलली.

लिहिताना जीव मुठीत आहे, हे आधीच सांगतो. तुमच्या १५३४ च्या कायद्याने राजाला पाखंडी, बळकावू किंवा जुलमी म्हणणे हाच राजद्रोह ठरवला होता. हात उचलायची गरज नव्हती, जीभ उचलली तरी पुरे. तुम्ही वारलात त्याच वर्षी तो कायदा रद्द झाला असे पुस्तके सांगतात, पण उगाच जोखीम कशाला? त्या तीन शब्दांतला एकही मी माझ्या पदरचा म्हणून तुमच्यासाठी वापरणार नाही. वाचकांना जिथे गरज वाटेल तिथे त्यांनी आपापला घालून घ्यावा.

आता दरवाजाची बाजू मांडतो. हा बिचारा मुळात कैद्यांसाठी बांधलाच नव्हता. पहिल्या एडवर्डने १२७५ ते १२७९ या काळात सेंट थॉमस टॉवर उभारला, त्याच्या पोटातली ही कमान. राजाची नौका थेट महालाखाली लागावी, पायाला चिखल लागू नये, एवढाच हेतू. वर राजाचे दालन, खाली राजाचा धक्का. सुमारे ६० फूट पल्ल्याची ती कमान वरचा सगळा बुरूज तोलून धरते. नाव साधेच होते, पाणदरवाजा. एडवर्डच्या बापाचा, तिसऱ्या हेन्रीचा, टॉवरच्या वाढीव तटातला एक दरवाजा १२४० मध्ये कोसळला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा कोसळला. संत थॉमस बेकेट यांच्या भुताने क्रूस आपटून तो पाडला, अशी हकिगत मॅथ्यू पॅरिस या मठवासी बखरकाराने लिहून ठेवली आहे. पाया कच्चा होता असे स्थापत्यवाले म्हणतील. मला भुताची बाजू पटते. पुढे काय काय होणार आहे हे त्या भुताला आधीच दिसले असावे.

‘गद्दारांचा दरवाजा’ हे नाव कागदावर दिसू लागते ते १५४० च्या दशकात. महाराज, तेव्हा गादीवर कोण होते, हे तुम्हाला सांगायला नको. अडीचशे वर्षांहून जास्त काळ तो राजाचा धक्का होता. तुमच्या एका कारकिर्दीत त्याची ओळख बदलली. पुण्याच्या नाही तर पनवेलच्या एखाद्या घराण्याने पिढ्यानपिढ्या कमावलेले नाव एका कर्त्या मुलाने घालवावे, तसे झाले.

तुमची सुरुवातच किती झोकात झाली! १५०९ मध्ये अठरा वर्षे पुरी व्हायला दोन महिने असताना गादीवर आलात. वडिलांच्या काळात करवसुलीने लोक गांजलेले. मग तुम्ही काय केले? वसुलीचा पैसा तिजोरीत राहू दिलात आणि वसुली करणारे एम्पसन आणि डडली हे दोघे टॉवरमध्ये टाकलेत. पुढच्या वर्षी टॉवर हिलवर दोघांची मुंडकी उडाली. आरोप राजद्रोहाचा. त्यांनी राजाचा हुकूम पाळला होता, हे खरे, पण तो आधीच्या राजाचा. प्रजेने तुमच्या न्यायबुद्धीचा जयजयकार केला. तिथेच तुम्हाला गोम कळली असणार: काम करवून घ्यावे, मग करणाऱ्याला नदीकडे धाडावे, आणि टाळ्या घ्याव्यात.

नदीची निवडही अचूक. त्या काळी थेम्स हाच लंडनचा हमरस्ता. ग्रीनिचचा महाल नदीवर, वेस्टमिन्स्टर नदीवर, टॉवर नदीवर. रस्त्याने कैदी नेला की माणसे जमतात, ओळखीचे चेहरे दिसतात, कुणीतरी हुंदका देतो, कुणीतरी दगड उचलतो. पाण्यावर ही कटकट नाही. वल्ह्यांचा आवाज तेवढा. फक्त भरती-ओहोटी सांभाळावी लागे, कारण लंडन ब्रिजच्या अरुंद कमानींखालून पाणी असे कोसळायचे की भल्याभल्या नावाड्यांची गाळण उडे. आणि त्याच पुलाच्या दरवाजावर आधीच्या पाहुण्यांची मुंडकी भाल्यांवर खोचलेली असत. वेस्टमिन्स्टरकडून येणाऱ्या कैद्याला पुढचा मुक्काम वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

आता अ‍ॅन बोलिनबाईंची गोष्ट काढतो. राग मानू नये, ती काढल्याशिवाय पत्र पुरे होत नाही.

२९ मे १५३३. ग्रीनिचहून सजवलेल्या नौकांचा ताफा निघाला. तोफा कडाडल्या, वाद्ये वाजली, बाई सहा महिन्यांच्या गरोदर. राज्याभिषेकाआधी राणीने टॉवरमध्ये मुक्काम करायचा अशी रीत, म्हणून तुम्ही तिथले महाल दुरुस्त करून घेतलेत. सेंट थॉमस टॉवरवर, म्हणजे याच दरवाजाच्या डोक्यावर, नवे लाकूडकाम चढवलेत. तुम्ही स्वतः टॉवरमध्ये थांबला होतात, उतरल्यावर तिचे चुंबन घेतलेत. पोपशी भांडून, पहिल्या राणीला दूर सारून, अख्ख्या देशाचा धर्म फिरवून आणलेली ही बायको.

२ मे १५३६. तेच ग्रीनिच, तीच नदी, तोच टॉवर. या खेपेला भर दिवसा नौकेत बसवून आणली ती कैदी म्हणून. किल्लेदार विल्यम किंग्स्टन सामोरे आले. मला अंधारकोठडीत ठेवणार का, असे बाईंनी विचारले. किंग्स्टन म्हणाले, नाही, राज्याभिषेकाच्या वेळी जिथे राहिला होतात तिथेच तुमची सोय आहे. हे ऐकून बाई गुडघ्यांवर बसून रडल्या आणि रडता रडता मोठ्याने हसू लागल्या. किंग्स्टननी हे सगळे तुमचे मंत्री क्रॉमवेल यांना पत्राने कळवले, म्हणून आपल्याला ठाऊक. त्या हसण्याचे कारण किंग्स्टनना उमगले नाही. मला वाटते, तीन वर्षांपूर्वी नव्याने बसवलेली दारे-खिडक्या आणि तुमची काटकसर एकदम ध्यानात आल्यावर दुसरे कुणी काय करणार?

इथे दरवाजाच्या वतीने एक हरकत नोंदवतो. बाईंना ट्रेटर्स गेटमधून आणले, असे जो तो सांगतो. चित्रकारांनी तशी चित्रे रंगवली. पण राजघराण्यातली माणसे ज्या दिंडीने आत जात, बायवर्ड टॉवरजवळच्या त्या खासगी दरवाजाने त्यांना नेले असावे, असे आजचे बरेच इतिहासकार मानतात. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी हा दरवाजा सर्वांत जास्त कुप्रसिद्ध आहे, त्या वेळी तो बहुधा बंदच होता. हजर कोण होते, कोण नव्हते, हा हिशोब मांडायचा झाला तर तुम्हीही तिथे नव्हतात. तुम्ही कधीच नसायचात. तुमची हजेरी सहीपुरती.

पुढचे सतरा दिवस कारभार कसा चालला ते पाहून आमच्या सरकारी कचेऱ्यांनी धडा घ्यावा. १५ मे रोजी टॉवरच्या आतच खटला, न्यायासनावर बाईंचे सख्खे मामा, ड्यूक ऑफ नॉरफोक. आरोप पाच पुरुषांशी व्यभिचाराचा, त्यांत एक सख्खा भाऊ. आरोपपत्रातल्या कित्येक तारखांना राणी त्या ठिकाणी नव्हतीच, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, पण तारखांचे काय एवढे! १७ मे रोजी पाचही पुरुषांचा शिरच्छेद. त्याच दिवशी आर्चबिशप क्रॅनमरनी तुमचा आणि अ‍ॅनबाईंचा विवाह मुळातच रद्दबातल होता असा निवाडा दिला. म्हणजे ती तुमची बायको कधी नव्हतीच. बायको नव्हती तर व्यभिचार कसा झाला, हा प्रश्न विचारायला दरबारात एकही डोके शिल्लक नव्हते. जी होती ती धडावर राहावीत या विवंचनेत होती.

१९ मे. कुऱ्हाडीऐवजी तलवार, आणि ती चालवायला कॅलेहून खास आणवलेला कसबी माणूस. ही तुमची दया म्हणून इतिहासात नोंदली गेली. त्याची बिदागी २३ पौंडांवर होती. तो लंडनला ज्या वेळी हजर झाला त्यावरून त्याला बोलावणे खटल्याआधीच गेले असावे, असे दिसते. याला म्हणतात नियोजन. निकाल लागण्याआधी तलवारीची सोय झाली, पण शवपेटीची आठवण मात्र कुणालाच राहिली नाही. शेवटी शस्त्रागारातली धनुष्यबाणांची रिकामी पेटी शोधून आणली आणि इंग्लंडच्या राणीला तीत ठेवून टॉवरमधल्याच चॅपलमध्ये पुरले. दुसऱ्या दिवशी तुमचा जेन सीमोर यांच्याशी वाङ्निश्चय झाला. लग्न ३० मे रोजी. सुतकाचे दिवस मोजायची तुमच्याकडे रीत नाही हे मला ठाऊक आहे, तरी बोटे आपोआप मोजू लागतात.

सर थॉमस मोर यांच्याबाबतीत तुमचा हात थोडा आखडता होता, हे कबूल करावे लागेल. ते तुमचे मित्र. चेल्सीला त्यांच्या घरी जाऊन, खांद्यावर हात टाकून बागेत फिरायचात. जावई रोपर त्यावर भारावून गेला, तेव्हा मोर त्याला म्हणाले होते की माझ्या डोक्याच्या बदल्यात फ्रान्समधला एक किल्ला मिळणार असेल तर हे डोके जायला वेळ लागणार नाही. माणूस ओळखावा तर असा. एप्रिल १५३४ मध्ये त्यांनी वारसाहक्काची शपथ घ्यायचे नाकारले आणि त्यांना नदीमार्गे टॉवरला पोचवले. देवडीवरच्या दरवानाने रिवाजाप्रमाणे त्यांचे ‘वरचे वस्त्र’ मागितले. नवा कैदी आला की अंगावरचा झगा दरवानाचा, हा त्याचा हक्क. मोरनी शांतपणे डोक्यावरची टोपी काढून पुढे केली आणि याहून चांगली नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. दरवान गडबडला. त्याला झगा हवा होता. महाराज, तुमच्या साऱ्या कारकिर्दीत तुमच्या यंत्रणेला कुणी इतक्या सभ्यपणे टोपी घातली नसेल.

मोर यांचा गुन्हा काय? ते बोलले नाहीत. तुम्ही चर्चचे प्रमुख आहात की नाही, यावर त्यांनी तोंड उघडले नाही. मौनं संमतिलक्षणम्, हे आमच्याकडे शाळकरी पोर सांगेल, आणि मोर हे मुरलेले वकील, त्यांनी कोर्टात नेमका हाच मुद्दा मांडला. तुमच्या न्यायाधीशांना तो पटला नाही. बरे, कायदा करताना संसदेने ‘दुष्ट हेतूने’ बोललेलेच धरावे अशी अट घालून घेतली होती. बिशप फिशर यांच्या खटल्यात ती अट निव्वळ शोभेची ठरली. शेवटी रिचर्ड रिच नावाचा एक होतकरू वकील उभा राहिला आणि कोठडीत मोर आपल्याजवळ खासगीत काय बोलले ते त्याने शपथेवर सांगितले. मोरनी त्याला भर कोर्टात खोटारडा ठरवले. काम झाले होते. रिचची पुढे भरभराट झाली, तो देशाचा लॉर्ड चॅन्सेलर झाला, अंथरुणात मेला. फिशर गेले २२ जून १५३५ ला, मोर ६ जुलैला. निकालानंतर मोरना टॉवरच्या धक्क्यावर आणले तेव्हा त्यांची मुलगी मार्गारेट भाल्यांच्या कड्यातून घुसून त्यांच्या गळ्यात पडली, एकदा सुटून पुन्हा पडली. पहारेकऱ्यांचे डोळे भरून आले म्हणतात. नदीकडूनच नेण्यात शहाणपण आहे ते यासाठी, तिथेसुद्धा एखादी मुलगी येऊन पोचते.

थोडे विषयांतर करतो, रागावू नये. तुमच्यानंतर साडेतीनशे वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तल्या मजकुरासाठी राजद्रोहाचा खटला चालला. सरकारविषयी अप्रीती पसरवली हा आरोप. अप्रीती म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव, असे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावले. टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी झाली. कलम वेगळे होते, काळ वेगळा होता, मान्य. पण माणसाच्या मनात राजाबद्दल किती माया आहे हे कोर्टाने मोजायचे, ही कल्पना ऐकून तुम्ही विंडसरला थडग्यात समाधानाने कूस बदलली असणार. आणि आमचे हात फार स्वच्छ आहेत असा दावा मी करत नाही. रायगडावर टकमक टोकापाशी आम्हीही वाकून दरी पाहतो आणि तिथल्या कड्यालाच घाबरतो.

तुमच्या तडाख्यातून मेलेलेही सुटले नाहीत. सेंट थॉमस टॉवर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते थॉमस बेकेट ११७० मध्येच मारले गेले होते. १५३८ मध्ये तुम्ही जाहीर केलेत की ते संत नव्हतेच, राजाविरुद्ध उठलेले बंडखोर होते. कँटरबरीतली त्यांची समाधी फोडून सोनेनाणे गाड्या भरभरून खजिन्यात आणलेत. ३६८ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला नौकेत घालून आणता येईना, एवढीच काय ती तुमची अडचण. गंमत बघा, टॉवरचे नाव मात्र थॉमसचेच राहिले. तुमच्या पाणदरवाजावर आजही तोच बसला आहे.

थॉमस क्रॉमवेल यांच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढायला मला जड जाते. अ‍ॅनबाईंचा खटला त्यांनीच रचला. खटला न चालवताच संसदेच्या ठरावाने माणूस दोषी ठरवायचा, ही युक्ती त्यांनी छान घोटून घेतली होती. १० जून १५४० रोजी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच त्यांना पकडले, नॉरफोकने गळ्यातली पदके ओढून काढली आणि नावेत घालून टॉवरला रवाना केले. मग त्यांच्यावर तीच युक्ती. खटला नाही, ठराव. तुरुंगातून त्यांनी तुम्हाला पत्र लिहिले, शेवटी दयेची तीनदा याचना केली. २८ जुलैला त्यांचे डोके उडाले आणि त्याच दिवशी तुम्ही कॅथरिन हॉवर्ड यांच्याशी लग्न लावलेत. काही महिन्यांनी तुम्ही दरबाऱ्यांवर चिडलात, की क्षुल्लक निमित्ते सांगून तुम्ही माझ्याकडून माझा सर्वांत इमानी नोकर मारवलात! फ्रेंच वकील मारिलाक याने हे फ्रान्सला कळवले आहे. महाराज, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि पाणी प्यालो. स्वतः सही करायची आणि मग दुसऱ्यांनी करवली म्हणून रुसून बसायचे. तुमचे सगळे चरित्र या एका रुसव्यात मावते.

काउंटेस ऑफ सॉल्सबरी, मार्गारेट पोल, यांचे वय ६७ च्या आसपास. त्यांचा भाऊ तुमच्या वडिलांनी मारला, थोरला मुलगा तुम्ही मारलात. धाकटा रेजिनल्ड रोममध्ये कार्डिनल, तुमच्याविरुद्ध लिहिणारा. तो हाती लागेना म्हणून आई. टॉवरमध्ये त्या दोन वर्षांच्या वर होत्या. मार्च १५४१ मध्ये त्यांना थंडी वाजू नये म्हणून फरचा झगा, मोजे, बूट असे गरम कपडे शिवून पाठवण्यात आले. ती माया कोवळ्या राणीची, कॅथरिनची. मे महिन्यात म्हातारीला ठोकळ्यापाशी नेले. नेहमीचा जल्लाद बाहेरगावी, म्हणून एक शिकाऊ पोरगा लावला. त्याला एका घावात जमले नाही. याहून जास्त लिहीत नाही.

आणि ती कपडे पाठवणारी राणीसुद्धा फेब्रुवारी १५४२ मध्ये त्याच नदीतून आली. बहुधा वीसही पुरी नव्हती. सायनहून निघालेल्या तिच्या नौकेने लंडन ब्रिज ओलांडला, ज्यावर तिच्या दोन कथित प्रियकरांची, कल्पेपर आणि डेरहॅम यांची, मुंडकी होती. आदल्या रात्री तिने ठोकळा खोलीत मागवून घेतला आणि त्यावर मान ठेवायचा सराव केला. तिच्याबरोबर मरणाऱ्या लेडी रॉचफर्ड यांना कैदेत वेड लागले होते. वेड्याला फाशी देता येत नाही अशी जुनी अडचण आली, तर तुम्ही संसदेकडून नवा कायदा करून घेतलात: राजद्रोह केला असेल तर वेड लागले तरी माफी नाही. शिवाय राणीच्या मृत्यूच्या विधेयकाला संमती देताना ती कहाणी पुन्हा ऐकून महाराजांच्या हृदयाला यातना होतील, म्हणून तुमच्या वतीने आयुक्तांनी संमती द्यावी अशी सोय काढली. ब्रिटिश संसदेत ती पद्धत अजून चालू आहे. किती कोमल हृदयातून केवढी टिकाऊ प्रथा निघाली!

नॉरफोक, तोच भाचीला शिक्षा सुनावणारा आणि क्रॉमवेलची पदके ओढणारा, अखेरीस त्याचाही नंबर लागला. त्याचा कवी मुलगा, अर्ल ऑफ सरे, १९ जानेवारी १५४७ ला गेला. म्हाताऱ्याचा दिवस २८ जानेवारी. त्या पहाटे तुम्हीच वारलात. आणि तो आणखी साडेसात वर्षे जगला. तुमच्या हातून वाचायचा एक खात्रीचा मार्ग होता, तो तुम्ही आधी जाण्याचा.

तुम्ही गेलात, पण घराला वळण लावून गेलात. तुमच्या बहिणीची नात, जेन ग्रे, जुलै १५५३ मध्ये राणी म्हणून नौकेतून टॉवरला उतरली आणि तिथून जिवंत सुटली नाही. तुमच्या थोरल्या मुलीने, मेरीने, धाकटीला, एलिझाबेथला, मार्च १५५४ मध्ये बंडाच्या संशयावरून टॉवरला पाठवले. ही पोरगी मात्र तुमच्याहून आणि आईहून हुशार. न्यायला सरदार आले तेव्हा तिने बहिणीला एक पत्र लिहायची परवानगी मागितली आणि सावकाश लिहीत बसली. कुणी मागून मजकूर घुसडू नये म्हणून कोऱ्या जागेवर तिरक्या रेघा मारल्या. तेवढ्यात नदीचे पाणी फिरले आणि त्या दिवशीची खेप हुकली. तुमच्या कुठल्याच मंत्र्याला जे साधले नाही ते तिला भरतीच्या वेळापत्रकाने साधले, एक दिवस.

दुसऱ्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, पावसात तिला आणले. ट्रेटर्स गेटच्या पायऱ्यांवर उतरायला तिने नकार दिला, मी गद्दार नाही असे ठणकावले आणि ओल्या दगडावर बसून राहिली, ही हकिगत जॉन फॉक्स यांनी रंगवून लिहिली. इथेही अभ्यासक म्हणतात की ती धक्क्यावर उतरून पुलावरून आत गेली असावी. दरवाजा पुन्हा निर्दोष! दोन महिन्यांनी, १९ मे रोजी, ती बाहेर पडली. तारीख तुमच्या लक्षात असेल.

तर तुमच्या माघारी त्या दरवाजाने काय केले तेही कळवतो. कमानीमागच्या डोहात एक यंत्र बसवले होते, ते व्हाइट टॉवरच्या माथ्यावरच्या टाकीत पाणी चढवी. पुढे अठराव्या शतकात ते तोफा-बंदुकांच्या नळ्या पोखरायच्या कामाला जुंपले गेले. १८६० च्या दशकात ते काढले. खंदक त्याआधीच, १८४० च्या दशकात, कोरडा केला होता, आणि धक्क्याखालून येणारा नदीचा मार्गही विटांनी बुजवला गेला. आता तिथून कुणी येऊ शकत नाही. त्याच्या नावावर जेवढे खपवले जाते त्याच्या निम्मेही त्याच्या हातून घडले नसेल. बाकीचे सगळे सही-शिक्क्यानिशी तुमच्या नावावर आहे.

आता तुमच्याकडच्या बातमीकडे येतो. स्वतःसाठी भव्य थडगे बांधायचे तुमचे फार मनात होते. तुमचे जुने मंत्री कार्डिनल वूल्झी यांनी स्वतःसाठी करवलेली काळ्या दगडाची शवपेटी तुम्ही लाटलीत, पण थडगे पुरे झाले नाही आणि शेवटी ती पेटी गेली सेंट पॉलमध्ये अ‍ॅडमिरल नेल्सनना. तुम्ही तळघरात. १६४९ मध्ये तिथेच शेजारी आणखी एक राजा आणून ठेवला, पहिला चार्ल्स, त्याचे डोके तोडून पुन्हा शिवलेले. त्याच्या प्रजेच्या न्यायालयाने निकालात त्याला जुलमी, गद्दार, खुनी आणि जनतेचा शत्रू म्हटले होते. शब्द न्यायालयाचे आहेत, माझे नव्हेत. राजाही प्रजेशी गद्दारी करू शकतो, हे इंग्लंडला समजायला तुमच्यानंतर एक शतक लागले. तुमच्या वेळी समजले असते तर पाणदरवाजातून एकदा तुम्हालाही आणता आले असते.

टॉवरच्या व्यवस्थापकांना माझी विनंती एवढीच की, कठड्यापाशी जी पाटी आहे तिच्याखाली तुमचे नाव, मोठ्या अक्षरांत, घालावे. आणि दुकानातल्या बाहुलीच्या हातात एक लेखणी द्यावी, कारण तुम्ही कुऱ्हाड कधीच धरली नाहीत.

कळावे. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहायची आमच्याकडे रीत आहे. एम्पसन-डडली सोडले तर वर ज्यांची नावे घेतली त्यांतल्या बहुतेकांवर तुमचा कधी ना कधी लोभ होता. तेव्हा माझ्यावर तो नसावा, ही विनंती.

आपल्या राज्यात जन्म झाला नाही म्हणून डोके शाबूत असलेला,
एक पत्रलेखक